अडीच सुती बोल्ट आणि सर जोसेफ व्हिटवर्थ

मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारा, व्हिटवर्थ कोण? तो डोळे न उघडता सांगेल, क्विक रिटर्न मेकॅनिझम, दहा मार्कांना येतं, डायग्राम कंपल्सरी. आणि कूस बदलून परत झोपेल. फर्स्ट इयरला ज्यांनी मन लावून शीट्स काढल्या असतील (म्हणजे ट्रेस मारल्या नसतील) त्यांना कदाचित ५५ अंशाचा गोलसर डोक्याचा आटासुद्धा आठवेल. बस्स. माणूस म्हणून व्हिटवर्थ आपल्याला माहीत नसतो. मलाही नव्हता. त्याची गाठ पडली ती एका सायलेन्सरखाली, पाठीवर झोपलेलो असताना.

झालं असं की आमच्या एका मित्राच्या काकांची जुनी मारुती ८०० भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, उघड्यावर उभी असते. गाडी फारशी फिरत नाही. मंडईपर्यंत आणि स्टेशनपर्यंत, एवढंच. सायलेन्सर सडला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. इंजिनियरिंगची चार पोरं घरात असताना गॅरेजवाल्याला मजुरी कशाला द्यायची, असा विचार काकांनी केला आणि आम्हीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो. नवा सायलेन्सर आणला, जॅक लावला, चाकांना विटा लावल्या, बॉडीखाली लाकडी ठोकळे दिले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, एवढं लक्षात ठेवा.) रबरी हँगर साबणाच्या पाण्याने पाच मिनिटांत निघाले. मग आला फ्लँजचा बोल्ट. गंजून त्याचा गूळ झालेला. त्याला तेराचा पाना बसेना. चौदाचा बसला, पण सैल. जोर लावला तर पाना गर्रकन फिरला आणि बोल्टच्या डोक्याचे सहाही कोपरे गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मामांना मोबाईलवरचा फोटो दाखवला. मामांनी तेरा-चौदाची कथा ऐकली आणि म्हणाले की हा बोल्ट मिलिमीटरचा नाहीच, हा अडीच सुती आहे. कोणीतरी मागे मूळ आठ एमएमचा बोल्ट हरवल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून मिळाला तो आणून दाबून बसवला असणार.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ एमएमच्या इतकं जवळ की डोळ्याला कळतच नाही. पण आठ एमएमच्या बोल्टचे आटे १.२५ मिलिमीटरवर असतात आणि अडीच सुतीचे इंचाला १८, म्हणजे १.४१ मिलिमीटरवर. पहिले एक-दोन आटे गोडीत जातात, पुढे पान्याने रेटावं लागतं, आणि मग ते दोघे एकमेकांना जन्मभर सोडत नाहीत. इंचाला १८ आटे हे ठरवलं कोणी, असं मी मामांना विचारलं. त्यांनी पिच गेज काढून पात्यावर कोरलेलं नाव दाखवलं. व्हिटवर्थ.

तिथून मी लायब्ररीत गेलो. सबमिशनच्या आठवड्यात. असो.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडातल्या मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच, १८१४ साली, आई वारली आणि घर विस्कटलं, भावंडं पांगली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमधल्या मामाच्या सूतगिरणीत पाठवलं. मामाचा बेत असा की पोरगा धंदा शिकेल, पुढेमागे भागीदार होईल. म्हणजे आयुष्य सेट. पण पोराचं लक्ष सुतात आणि हिशोबात नव्हतं, ते यंत्रांत होतं. गिरणीतलं एकूण एक यंत्र त्याने समजून घेतलं आणि त्याच्या लक्षात आलं की ही सगळी यंत्रं ओबडधोबड आहेत, कुठलाच भाग दुसऱ्यात नीट बसत नाही. चार वर्षांनी तो चक्क पळून गेला. मँचेस्टरच्या एका कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून लागला. प्लेसमेंट सोडून पळणारा पोरगा त्या काळातही घरच्यांना वेडाच वाटला असणार.

१८२५ साली त्याने फॅनी अँकर्स नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती बोटीवर काम करणाऱ्या माणसाची लेक. आणि दोघे लंडनला गेले. तिथे हेन्री मॉडस्लीचा कारखाना होता. मॉडस्ली म्हणजे आपण ज्या लेथवर जॉब खराब करतो त्या स्क्रू कटिंग लेथला कारखान्यात रुळवणारा माणूस. त्याच्या हाताखाली काम मिळणं म्हणजे तेव्हाच्या कारागिराला आयआयटीत ॲडमिशन मिळण्यासारखं होतं.

इथे व्हिटवर्थने जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. त्याला एक सपाट पृष्ठभाग बनवायचा होता. खरोखर सपाट. ऐकायला सोपं वाटतं. पण विचार करा, सपाट आहे हे तपासणार कशावर? सरळपट्टीवर? ती सरळ आहे हे कशावर तपासलं? त्या काळी दोन प्लेटा एकमेकींवर एमरी घालून घासत. पण एक प्लेट किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट झाली तरी दोघी एकमेकींवर छान बसतात आणि आपण समजतो की जमलं. उपाय असा की तिसरी प्लेट घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी जुळली पाहिजे. फुगीर प्लेट फुगीर प्लेटवर बसत नाही, त्यामुळे तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर त्या सपाट असल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि घासायचं नाही, रंग लावून जिथे उंचवटा दिसेल तिथेच स्क्रेपरने किंचित खरवडायचं. तीन प्लेटांची युक्ती मुळात मॉडस्लीच्या शॉपमधली की व्हिटवर्थची यावर वाद आहेत. पण स्क्रेपरने ती पूर्णत्वाला नेली आणि १८४० मध्ये निबंध वाचून जगासमोर मांडली ती व्हिटवर्थने. मेट्रोलॉजी लॅबमधल्या ज्या सरफेस प्लेटवर आपण डबा ठेवून वडापाव खातो (सरांनी हे वाचू नये), तिच्यामागे एवढं डोकं आहे.

मॉडस्लीकडून तो होल्ट्झॅफलकडे आणि मग जोसेफ क्लेमंटकडे गेला. कॉम्प्युटरवाल्यांनी आता जागं व्हावं, कारण क्लेमंट हा चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन प्रत्यक्ष घडवणारा माणूस, आणि व्हिटवर्थने त्या शॉपमध्ये त्यावर काम केलं. १८३३ मध्ये बॅबेज आणि क्लेमंटचं पैशांवरून फाटलं, काम थांबलं. त्याच वर्षी व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला, वाफेची पॉवर असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली: जोसेफ व्हिटवर्थ, टूलमेकर, लंडनवाला. वय २९. भांडवल बेताचं. पण त्या पाटीतलं लंडनवाला बघा. मार्केटिंग कळत होतं गड्याला.

पुढच्या दहा वर्षांत त्याने लेथ, प्लेनर, ड्रिलिंग, स्लॉटिंग, शेपिंग अशा मशीनची रांग लावली. आपला क्विक रिटर्नही यातलाच. कापताना टूल सावकाश जातं, परत येताना कामच नसतं तर पटकन यावं, एवढी साधी गोष्ट. १८४२ च्या सुमारास त्याने मँचेस्टरचे रस्ते झाडायचं घोड्याचं यंत्रसुद्धा केलं. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही, पण पावसाळ्यानंतर मीरा रोड स्टेशनबाहेर चालताना मला हटकून आठवतं.

आणि आता आटे. १८४१ पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता. ज्याचा टॅप त्याचा आटा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. इंजिन दुरुस्तीला आलं की काढलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टसोबत बांधून ठेवायचा, अदलाबदल झाली की खेळ खलास. रेल्वे तेव्हा झपाट्याने वाढत होती, म्हणजे ही डोकेदुखीही वाढत होती. व्हिटवर्थने काय केलं? स्वतःचा सर्वोत्तम आटा शोधून सगळ्यांवर लादला नाही. त्याने देशातल्या मोठमोठ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. कोन ५५ अंश आला तो तसाच ठेवला. आट्याचं डोकं आणि मूळ गोल केलं. कुठल्या व्यासाला इंचाला किती आटे याचं कोष्टक केलं: पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. आणि आपल्या अडीच सुतीला १८. हे कोष्टक त्याने १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे मांडलं. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडंच बदलावं लागणार होतं, त्यामुळे कोणाचा फार विरोध झाला नाही. मला यात हुशारीपेक्षा शहाणपण जास्त दिसतं.

ते किती कामी आलं हे क्रिमियाच्या युद्धात दिसलं. ब्रिटिश नौदलाला एकदम नव्वद गनबोटींची इंजिनं हवी होती. जॉन पेन नावाच्या इंजिन बनवणाऱ्याने नमुन्याचं इंजिन सुटं केलं, वेगवेगळे भाग देशभरच्या वर्कशॉपना वाटून दिले, आलेले भाग जोडले आणि जेमतेम तीन महिन्यांत इंजिनं तयार झाली. सगळ्यांचे आटे एक होते म्हणूनच हे जमलं.

मोजण्याचं त्याला वेडच होतं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने एक मोजणी यंत्र ठेवलं, ते इंचाचा दहा लाखावा भाग दाखवायचं. त्यात डोळ्याने बघायचं नव्हतं, स्पर्शाने कळायचं. त्याचा मुद्दा असा होता की रेघ बघून मापापेक्षा टोकाला टोक भिडवून मोजणं जास्त भरवशाचं. गो-नो गो गेज वापरणारा प्रत्येक जण त्याच रस्त्याने चालतो.

इथपर्यंत सगळं छान. पण या माणसाचं पुढचं आयुष्य बंदुका आणि तोफांत गेलं आणि ते मला जरा खटकतं. सरकारने त्याला एनफिल्ड रायफली बनवायची मशीनं करायला सांगितली. त्याने आधी विचारलं की रायफल नेमकी कशी असावी हे कोणी तपासलंय का? कोणीच तपासलं नव्हतं. मग सरकारी खर्चाने त्याच्या घराशेजारी लांबलचक शेड बांधून त्यात प्रयोग झाले. त्यातून षटकोनी नळीची, ०.४५१ इंच बोअरची रायफल निघाली. १८५७ च्या चाचण्यांत तिने एनफिल्डला कुठल्या कुठे मागे टाकलं. तेच १८५७ साल, जेव्हा एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून इकडे हिंदुस्थानात भडका उडाला होता. तरीही सैन्याने व्हिटवर्थची रायफल घेतली नाही. कारणं अशी की ती महाग, बोअर फार बारीक, आणि काजळी लवकर धरते. नाकारणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. जी वस्तू प्रयोगशाळेत उत्तम असते ती चिखलात शिपायाच्या हातातही उत्तम असेल असं नसतं. पण व्हिटवर्थने ते मनाला लावून घेतलं. १८६० मध्ये विंबल्डनच्या नेमबाजीच्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने त्याच्याच रायफलीने केलं, ४०० यार्डांवर, गोळी जवळजवळ मध्यावर बसली. रायफल अर्थात आधीच घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. मानसन्मान मिळाला, पण ऑर्डर मिळाली नाही. त्या रायफली अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी वापरल्या. ज्या बाजूने गुलामगिरी टिकवायला युद्ध केलं, त्या बाजूने. एवढी अचूकता, आणि ती कोणाच्या कामी आली बघा. तोफांसाठी लागणारं पोलाद फुटू नये म्हणून त्याने वितळलेलं पोलाद गोठताना प्रचंड दाबाखाली धरायची पद्धत काढली, तिचा उपयोग पुढे इतर कामांनाही झाला.

माणूस म्हणून तो फार गोड नव्हता. फटकळ, हट्टी, स्वतःचंच खरं करणारा. फॅनी आणि तो शेवटी वेगळे राहिले. ती गेल्यावर १८७१ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. मूलबाळ नाही. पण हाच हट्टी माणूस १८६८ मध्ये वर्षाला ३००० पौंडांची सोय करून बसला, ज्यातून तरुण कारागिरांना १०० पौंडांच्या तीस स्कॉलरशिप मिळाव्यात. अट अशी की नुसता पुस्तकी अभ्यास चालणार नाही, कानस आणि हातोडाही चालवता आला पाहिजे. आणि नुसता हात चालून भागणार नाही, गणितही यायला पाहिजे. पुढच्या वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली. १८७४ मध्ये कारखान्याची लिमिटेड कंपनी केली तेव्हा कामगारांनाही भागीदार व्हायची सोय ठेवली. मामाच्या गिरणीतली भागीदारी सोडून पळालेला पोरगा, हे विसरायचं नाही. २२ जानेवारी १८८७ रोजी तो माँटे कार्लोला वारला. संपत्ती विश्वस्तांच्या हातून बहुतांशी मँचेस्टरच्या शिक्षणाला, हॉस्पिटलला आणि आर्ट गॅलरीला गेली. स्कॉलरशिप अजून चालू आहे.

त्याचा आटा मात्र हळूहळू मागे पडला. १८६४ मध्येच अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशाचा, सपाट डोक्याचा आटा मांडला होता, कारण गोल डोकं बनवायला जास्त खटाटोप पडतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना याचा चांगलाच फटका बसला. ब्रिटिश बोल्टला अमेरिकन नट लागेना. १८४१ पूर्वीचीच रड, फक्त आता दोन देशांत. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांनी ६० अंशाचा एक आटा मान्य केला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं. तरी व्हिटवर्थ गेला असं समजू नका. हॉस्टेलच्या बाथरूममधला नळ सोडवून बघा (वॉर्डन नसताना). अर्ध्या इंची पाइपवर इंचाला १४ आटे, कोन ५५ अंश. तो व्हिटवर्थचाच. व्हर्नियर लावलात तर अर्धा इंच नाही, २१ मिलिमीटरच्या आसपास भरेल, कारण अर्धा इंच हे जुन्या पाइपच्या आतल्या भोकाचं माप. यावरून फर्स्ट इयरला माझी व्हायवामध्ये चांगलीच गेली होती.

बरं, आमचा बोल्ट. तो इतका का धरला? पेट्रोल जळताना लिटरमागे जवळपास एक लिटर पाणी बनतं. गाडी लांब चालली तर ते वाफ होऊन निघून जातं. स्टेशनपर्यंतच चालली तर सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी आतच साचतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून आधी सडतो. बाहेरून भाईंदरची हवा. हे मिठागरांचं गाव, खाडीवरून येणारा वारा खारा. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजाचा वेग वाढवतं. आणि लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ही जागा मिळायची कुठून? मग तो नटबोल्टला आतून पाचर मारतो. त्यात आमचे आटे आधीच वेगवेगळ्या जातीचे.

मामा रविवारी स्वतः आले. आधी वायर ब्रशने आटे उघडे केले. घासलेटात थोडं ऑईल मिसळून चिंध्या भिजवून आम्ही त्या आदल्या रात्रीच गुंडाळून ठेवल्या होत्या, कारण तेलाला आत शिरायला वेळ लागतो, घाईने काम बिघडतं. मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके. गंज असा तडकतो. मग आधी किंचित टाईट करायच्या दिशेने आणि मग उलटं, असं मागेपुढे, पाईप रेंचने. हलला नाही. पेट्रोलची टाकी मागेच, त्यामुळे मामांनी टाकीच्या बाजूला पत्रा धरायला लावला, पाण्याची बादली जवळ ठेवली आणि गॅसच्या ज्योतीने नुसता नट तापवला, बोल्ट नाही. नट लाल झाला की फुगतो, पकड ढिली पडते. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती लावली, मेण सर्रकन आत गेलं. अर्धा फेरा फिरला, टाळ्या पडल्या, आणि कट्ट. बोल्ट मोडला. मामा हसले. म्हणाले, दोन जातीचे आटे, असाच सुटणार. उरलेलं हॅकसॉने कापलं, सेंटर पंच मारून ड्रिलने काढलं. बाकी तीन बोल्ट मेट्रिक होते, ते तेल पिऊन निमूटपणे निघाले. नवे बोल्ट मात्र आठ एमएमचेच घातले, पितळी नट लावून, कारण पितळ लोखंडाला गंजून धरत नाही, आणि आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट फासून. दुपारी चार वाजता गाडी चालू झाली आणि आवाज आला नाही. काकांनी सगळ्यांना बटाटेवडे दिले.

मोडलेला तुकडा मी खिशात घालून आणला. वायर ब्रशने घासून आता तो माझ्या टेबलावर ड्राफ्टरशेजारी असतो. शेवटचे तीन-चार आटे शाबूत आहेत. पिच गेजमधलं १८ चं पातं त्यात अजून बरोबर बसतं.